बोरघाटातील कर्षण एंजिने

बोरघाटातील कर्षण एंजिने : मुंबई–पुणे लोहमार्गावर कर्जत व लोणावळा यांच्या दरम्यान सह्याद्री चढताना गाड्या ओढण्यासाठी आणि उतरताना त्या आवरून धरण्यासाठी वापरण्यात आलेली एंजिने. वाहन ओढण्याच्या क्रियेस कर्षण म्हणतात. शेतात नांगर ओढणारा ट्रॅक्टर व रुळांवर डबे ओढणारे रेल्वे एंजिन ही दोन्ही कर्षणाचीच साधने होत. दोन्हींच्या बाबतीत जुने एंजिन कमी पडू लागले की, ज्वलनाची पद्धत, एंजिनाची रचना व गतिरोधनाची (ब्रेकची) साधने यांत सुधारणा करणे किंवा शक्तीचा उगमच बदलणे हे मार्ग उरतात. बोरघाटात १८६३ पासून हे सर्व मार्ग अवलंबिले गेले. येथे चढण्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, उतरण्याचा प्रश्न बिकट होता. त्यामुळे या घाटातील एंजिनांचा इतिहास हा बऱ्याच अंशी उतारावरील वेग आवरण्याचा इतिहास आहे.

घाट व लोहमार्ग : रायगड जिल्ह्यातील (पूर्वीचा कुलाबा जिल्हा) कर्जत व खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी वसलेले आहेत. घाटाच्या तळाशी खोपोली असून जुन्या मुंबई–पुणे महामार्गावरील शिळफाटा हे ठिकाण याच गावात आहे. कोकणातून देशावर जाणाऱ्या वाटा येथे प्राचीन काळापासून एकत्र येत आल्या आहेत. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेने १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई–ठाणे मार्ग सुरू केला आणि १८५६ मध्ये तो कर्जत व पळसदरी यांवरून खोपोलीपर्यंत आणला. घाटमाथ्यावरील खंडाळा–पुणे मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. मधला घाट मात्र तयार नसल्यामुळे उतारूंना खोपोलीस उतरून पालखी, तट्टू किंवा बैलगाडी यांतून खंडाळ्यास जावे लागे व तेथे पुन्हा गाडीत बसावे लागे.

घाटाचे काम १८५६ च्या प्रारंभी सुरू झाले. जेम्स बर्क्ली हे मुख्य अभियंता होते. पहिले कंत्राटदार विल्यम फेव्हिएल यांनी १८५९ मध्ये काम सोडले. त्यांच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल हे भारतात पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावले. तेव्हा त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट पुढे चालवून काम तडीस नेले. काम ऐन भरात असताना १८६१ च्या प्रारंभी ४२,००० हून अधिक मजूर येथे राबत होते. पटकी, ताप, सुरुंगांचे व दरडींचे अपघात यांत त्यांपैकी हजारो मृत्युमुखी पडले. २१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाटमार्गाचे उद्‌घाटन झाले.

मार्गाची लांबी सु. २५ किमी. होती. त्याचा पायथा समुद्रसपाटीपासून सु. ६० मी. (१९६ फुट) व माथा सु. ६१८ मी. (२,०२७ फुट) उंचीवर असून एकूण चढ सु. ५५८ मी. भरतो. सरासरी चढ ४६ मध्ये १ व सर्वांत तीव्र चढ ३७ मध्ये १ असा होता. वाटेत २५ बोगदे व ८ दरीपूल होते. एका सरळ दिशेने एवढी उंची गाठणे शक्य नसल्याने खंडाळ्याच्या अलीकडे उलट स्थानक (रिव्हर्सिंग स्टेशन) करण्यात आले. तेथे गाडी एका कड्याच्या टोकाशी थांबे, एंजिन सोडून दुसऱ्या बाजूस जोडीत आणि गाडी उलट दिशेने पुढील चढ चढू लागे.

चढाचे गणित : सपाट रुळांवर गाडी ओढण्यास लागणारे बल फार थोडे असते. एक टन वजनामागे ते सु. २ ते ३ किग्रॅ. धरले, तर ५०० टन वजनाच्या गाडीस एक ते दीड टन बल पुरते. ३७ मध्ये १ या चढावर मात्र गाडीच्या वजनाचा सदतिसावा भाग तिला सतत मागे खेचीत असतो. म्हणजे त्याच गाडीसाठी सु. साडेतेरा टन बल अधिक लागते. सपाटीवर जे एंजिन पुरेसे असते त्याच्या सु. दहापट ओढ येथे लागते, असा याचा अर्थ होतो.

ही ओढ केवळ एंजिन शक्तिमान असल्याने मिळत नाही. चाक व रूळ यांमधील पकड (आसंजन) पुरेशी नसेल, तर चाके जागच्या जागी फिरू लागतात. पकड ही चालक चाकांवर पडणाऱ्या वजनावर अवलंबून असते, म्हणून घाटातील एंजिन जड असावे लागते; पण एंजिनाचे स्वतःचे वजनही घाट चढवावे लागते. पावसाळ्यात रूळ ओले झाले की, पकड आणखी कमी होते आणि चाकांपुढे वाळू सोडावी लागते. कर्जत–खंडाळा पट्ट्यात पाऊस विपुल असल्याने ही अडचण येथे वर्षातील कित्येक महिने जाणवते.

वाफेची एंजिने : या मार्गासाठी मँचेस्टर येथील शार्प, स्ट्यूअर्ट आणि कंपनीने १८६२ मध्ये खास घाट एंजिने बांधली. त्यांना एकमेकांस जोडलेली सहा चालक चाके व पुढे चार चाकांची लहान गाडी (बोगी) असे. पाण्याची टाकी बाष्पित्रावर (बॉयलरवर) खोगिरासारखी बसविलेली होती. त्यामुळे पाण्याचे वजन चालक चाकांवर पडून पकड वाढे. चाके सु. १.२ मी. (४ फुट) व्यासाची म्हणजे लहान होती. लहान चाकामुळे वेग कमी मिळतो; पण ओढ वाढते. घाटात वेगापेक्षा ओढच महत्त्वाची होती. पुढे आठ जोडलेल्या चालक चाकांची, अधिक मोठ्या बाष्पित्राची टाकीयुक्त एंजिने आली. गाडीच्या पुढे एक एंजिन व मागून रेटणारे दुसरे एंजिन अशी पद्धत रूढ झाली. मागून रेटणाऱ्या साहाय्यक एंजिनास 'बँकर' म्हणतात. कर्जत हे बँकर जोडण्याचे ठिकाण ठरले व तेथील वस्तीच्या वाढीस त्यामुळे मोठा हातभार लागला.

सुधारणा होत गेल्या, तरी वाफेच्या एंजिनाच्या मूळ मर्यादा कायम राहिल्या. त्यातील अग्नी एंजिनाबरोबरच प्रवास करतो. म्हणून कोळसा, पाणी, भट्टी व बाष्पित्र या सर्वांचे ओझे घाट चढवावे लागते. कोळशातील उष्णतेपैकी सु. पाच ते सात टक्केच ओढण्याच्या कामी येते. भट्टीत किती कोळसा जाळता येईल यावर वाफेचा पुरवठा अवलंबून असल्याने दीर्घ चढावर बाष्पित्रातील दाब टिकविणे हे फायरमनच्या श्रमांवर व कौशल्यावर अवलंबून असे. बोगद्यांत धूर व उष्ण वाफ कोंडून राही. पुढच्या एंजिनाचा धूर मागच्या एंजिनावरील माणसांच्या वाट्यास येई.

उताराचा प्रश्न : चढताना वाफ कमी पडली, तर गाडी थांबते, उतरताना गतिरोधक कमी पडले, तर गाडी सुटते. १,००० टन वजनाची गाडी ५५८ मी. खाली येते तेव्हा तिच्यातून सु. १,५०० किलोवॉट-तास ऊर्जा मोकळी होते. ही सर्व ऊर्जा घर्षणाने जिरवायची झाल्यास चाके व गतिरोधकांचे ठोकळे यांत एवढी उष्णता निर्माण होते की, तिच्यावर सु. १८ टन पाणी ३०° से. पासून उकळबिंदूपर्यंत तापविता येईल. ठोकळे फार तापले की, त्यांची पकड घटते आणि नेमक्या गरजेच्या वेळी गतिरोधन दुबळे होते.

आरंभीच्या काळात डब्यांवरील गतिरोधक हातांनी आवळावे लागत आणि त्यासाठी गाडीत जागोजागी माणसे नेमलेली असत. १८६२ च्या घाट एंजिनांना चाकांवरील गतिरोधकांखेरीज रुळांवर दाबून बसणारे घसर-गतिरोधक (स्लेज ब्रेक) बसविलेले होते. चाके घसरली तरी हे गतिरोधक काम देत. मात्र रूळ व ठोकळे दोन्हींची झीज होई. पुढे सर्व डब्यांवर एकाच वेळी कार्य करणारे निर्वात गतिरोधक आले व हाती गतिरोधकांवरचे अवलंबन कमी झाले.

सुटलेल्या गाडीसाठी रक्षक फाटे (कॅच सायडिंग) बांधण्यात आले. मुख्य मार्गापासून फुटून चढावर जाणारा हा रूळमार्ग असतो. उतरणारी गाडी ठरलेल्या ठिकाणी नियंत्रणाखाली थांबली, तरच सांधे मुख्य मार्गासाठी लावतात; अन्यथा ती फाट्यावर वळून चढामुळे व वाळूमुळे थांबते. ठाकूरवाडी, मंकी हिल व खंडाळा या ठिकाणांची नावे घाटातील अशा थांब्यांशी व गतिरोधकांच्या तपासणीशी निगडित आहेत.

खोपोलीची वीज : याच उताराचा उपयोग ऊर्जानिर्मितीसाठी करण्याचा विचार विसाव्या शतकाच्या प्रारंभी प्रत्यक्षात आला. जमशेटजी टाटा यांच्या निधनानंतर (१९०४) त्यांची योजना पुढे नेण्यासाठी १९१० मध्ये टाटा जलविद्युत् कंपनी स्थापन झाली. लोणावळा, वळवण व शिरवता येथे धरणे बांधून घाटमाथ्यावर पडणारा पाऊस साठविण्यात आला. ते पाणी नळांतून ५०० मी. हून अधिक खाली खोपोलीस सोडून टरबाइने फिरविण्यात येऊ लागली. १९१५ मध्ये खोपोलीची वीज सु. १ लाख व्होल्ट दाबाने मुंबईस पोहोचली व तेथील कापड गिरण्या तिच्यावर चालू लागल्या. यानंतर कर्जत तालुक्यातील भिवपुरी (१९२२) व रोहे–माणगावच्या बाजूस भिरा (१९२७) येथील वीजगृहे उभी राहिली. भिऱ्याच्या वीजगृहासाठी बांधण्यात आलेल्या मुळशी धरणाखाली मावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. त्याविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात पांडुरंग महादेव ऊर्फ सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. पण धरण थांबले नाही. स्वस्त विजेची ही किंमत कोणी मोजली, हे या इतिहासातून वगळता येत नाही.

विद्युतीकरण : जीआयपी रेल्वेने ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईतील व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर भारतातील पहिली विजेची गाडी चालविली. तिच्यासाठी १,५०० व्होल्ट दाबाचा एकदिश विद्युत् प्रवाह वापरला होता. हीच पद्धत १९२९ मध्ये कल्याण–पुणे व १९३० मध्ये कल्याण–इगतपुरी या मार्गांवर लागू झाली आणि बोरघाट व थळघाट हे दोन्ही घाट विजेखाली आले. घाटाच्या पायथ्याशी जलविद्युत् उपलब्ध असूनही रेल्वेने कल्याणजवळ ठाकुर्ली येथे कोळशावर चालणारे स्वतःचे चोळा वीजगृह उभारले. म्हणजे कोळसा संपला नाही. तो एंजिनातून वीजगृहात गेला. तेथे मोठी बाष्पित्रे व वाफेची टरबाइने यांमुळे त्याच कोळशातून अधिक काम मिळू लागले आणि घाट चढणारे एंजिन भट्टी व पाणी यांच्या ओझ्यातून मुक्त झाले.

विद्युतीकरणाबरोबरच घाटातील मार्गाची फेरआखणी झाली. नवे बोगदे खोदून १९२९ मध्ये उलट स्थानक वगळण्यात आले. त्यामुळे एंजिन सोडून दुसऱ्या टोकास जोडण्यात जाणारा वेळ वाचला.

मालगाड्यांसाठी ईएफ-१ वर्गाची (नंतरचे नाव डब्ल्यूसीजी-१) ४१ एंजिने घेण्यात आली. त्यांपैकी पहिली दहा स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथील कारखान्यात व उरलेली इंग्लंडमधील व्हल्कन फाउंड्रीत बांधली गेली. प्रत्येक एंजिनात चार विद्युत् चलित्रे (मोटरी) असून त्यांची एकूण शक्ती २,६०० अश्वशक्ती होती. मधली खोली व दोन्ही टोकांस लांबट नाके असे सांध्यांनी जोडलेले तीन भाग असल्यामुळे हे सु. २० मी. लांबीचे व सु. १२५ टन वजनाचे एंजिन घाटातील वळणांवर सहज वळे. प्रत्येक बाजूच्या तीन आसांची चाके वाफेच्या एंजिनाप्रमाणेच बाहेरच्या दांड्यांनी जोडलेली होती. या रूपामुळे युरोपात अशा एंजिनांना 'मगर' म्हणत. महाराष्ट्रातील रेल्वे कामगारांनी त्यास 'खेकडा' हे नाव दिले. उतारू गाड्यांसाठी ईए-१ वर्गाची २,१६० अश्वशक्तीची एंजिने होती. १ जून १९३० पासून धावू लागलेली 'डेक्कन क्वीन' ही गाडी या एंजिनांमुळे प्रसिद्धीस आली. दोन्ही वर्गांचे प्रत्येकी एक एंजिन नवी दिल्ली येथील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जतन केलेले आहे.

पुनर्जनक गतिरोधन : विद्युत् चलित्र बाहेरून फिरविले, तर ते जनित्राप्रमाणे वीज निर्माण करते. ईएफ-१ एंजिनांत या तत्त्वाचा उपयोग गतिरोधनासाठी केलेला होता. उतारावर गाडीच्या वजनामुळे चाके फिरतात, चाके चलित्रांस फिरवितात आणि त्यांत निर्माण झालेला प्रवाह डोक्यावरील तारेत परत जातो. वीज निर्माण करण्यास लागणारे बल हेच गाडीस आवरून धरते. त्याच वेळी जवळपास दुसरी गाडी घाट चढत असेल, तर उतरणाऱ्या गाडीची वीज तिच्या कामी येते.

या सुधारणेचे महत्त्व विजेच्या बचतीपेक्षा सुरक्षिततेत अधिक आहे. उताराचा मुख्य भार चलित्रांनी उचलल्यामुळे घर्षणाचे गतिरोधक थंड राहतात आणि गाडी पूर्ण थांबविण्यासाठी किंवा संकटाच्या वेळी त्यांची पूर्ण शक्ती उपलब्ध असते. शिवाय चाके, ठोकळे व रूळ यांची झीजही घटते. मात्र चढणारी गाडी नसेल, तर परत येणारी वीज स्वीकारण्याची सोय विद्युत् यंत्रणेत असावी लागते. तसेच गाडी उभी राहिली की, चलित्रांपासून रोध मिळत नाही. म्हणून यांत्रिक गतिरोधकांची व रक्षक फाट्यांची गरज संपली नाही. भौतिकीच्या दृष्टीने लोणावळ्याहून खोपोलीस उतरणारे एक हजार टन पाणी आणि तेवढेच अंतर उतरणारी एक हजार टन वजनाची गाडी यांतून मोकळी होणारी ऊर्जा सारखीच असते. खोपोलीच्या वीजगृहाने व घाटातील एंजिनांनी एकाच उताराचा दोन प्रकारे उपयोग केला.

माथेरानची लहान एंजिने : कर्जत तालुक्यातच नेरळ–माथेरान हा ६१० मिमी. (२ फुट) रुंदीचा सु. २१ किमी. लांबीचा लोहमार्ग आहे. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधलेला हा मार्ग १९०७ मध्ये सुरू झाला. यावरील सर्वांत तीव्र चढ २० मध्ये १, म्हणजे बोरघाटाच्या जवळजवळ दुप्पट आहे. मार्गासाठी जर्मनीतील ओरेन्श्टाइन व कोपेल कंपनीची चार लहान वाफेची एंजिने आणली होती. त्यांच्या टोकांकडील आसांवर पोकळ आस बसविलेले असून ते थोडे बाजूस सरकत. त्यामुळे सहा चाके जोडलेली असतानाही एंजिन अत्यंत तीव्र वळणे घेई.

या मार्गावर वाहतूक तुरळक असल्याने तारा व उपकेंद्रे यांचा खर्च परवडणारा नव्हता. म्हणून येथे वाफेची जागा १९५५ च्या सुमारास जर्मनीतील युंग कंपनीच्या डीझेल एंजिनांनी घेण्यास प्रारंभ केला. वाफेची एंजिने १९८२ पर्यंत टिकली. डीझेल एंजिनात भट्टी नसते व ठिणगीही लागत नाही. सिलिंडरातील हवा दट्ट्याने जोराने दाबली की ती तापते व तीत फवारलेले तेल आपोआप पेट घेते. या संपीडन-प्रज्वलनामुळे भट्टी पेटवून वाफ तयार होण्याची वाट पाहावी लागत नाही व वाटेत पाणी भरावे लागत नाही. भारतातील शेतीच्या ट्रॅक्टरांतही केरोसीनवर व ठिणगीने चालणारी एंजिने मागे पडून डीझेल एंजिने रूढ झाली, त्यामागे इंधनाची बचत व प्रज्वलनाच्या विद्युत् सामग्रीची दगदग टळणे ही प्रमुख कारणे होती. माथेरानवर २०१६ मधील अपघातांनंतर गाड्या काही काळ बंद राहिल्या आणि पुन्हा सुरू करताना डब्यांच्या गतिरोधकांत सुधारणा करण्यात आली. तीव्र उतारावर एंजिनाइतकेच गतिरोधकही महत्त्वाचे असतात, हे येथेही दिसून आले.

स्वातंत्र्योत्तर स्थित्यंतरे : १९५१ मध्ये जीआयपी रेल्वे मध्य रेल्वेत समाविष्ट झाली. चित्तरंजन येथील कारखान्यात बांधलेले पहिले विद्युत् एंजिन मध्य रेल्वेच्या १,५०० व्होल्ट पद्धतीसाठीच होते. १९६१ मध्ये तयार झालेल्या या एंजिनास 'लोकमान्य' असे नाव देण्यात आले. १९७० नंतर तेथेच बनलेली डब्ल्यूसीजी-२ वर्गाची एंजिने घाटात मालगाड्या ओढण्यासाठी व बँकर म्हणून वापरली गेली आणि ईएफ-१ एंजिने क्रमाने निवृत्त झाली.

भारतीय रेल्वेने १९५७ च्या सुमारास नव्या विद्युतीकरणासाठी २५,००० व्होल्ट दाबाचा प्रत्यावर्ती प्रवाह स्वीकारला. दाब जास्त असल्यामुळे तीच शक्ती कमी प्रवाहात वाहून नेता येते, तारा हलक्या राहतात व उपकेंद्रे दूरदूर ठेवता येतात. मुंबई विभागात मात्र जुनी पद्धत दीर्घकाळ चालू राहिली. दोन्ही पद्धतींवर चालणारी एंजिने वापरून संक्रमणाचा काळ निभावण्यात आला. मुंबई विभागातील एकदिश पद्धत २०१६ पर्यंत पूर्णपणे संपुष्टात आली. त्यानंतर आलेल्या त्रिकला प्रवर्तन चलित्रांच्या एंजिनांत पुनर्जनक गतिरोधन ही नेहमीची सोय झाली आहे. चाके घसरू लागताच चलित्रांचा जोर क्षणार्धात कमी करणारी इलेक्ट्रॉनिक नियंत्रणे त्यांत असल्याने ओल्या रुळांवरील पकडही सुधारली आहे.

तथापि चढ तोच आहे. जड गाड्यांना कर्जतहून आजही मागून बँकर लावावे लागतात व उतरणाऱ्या गाड्यांचे गतिरोधक तपासावे लागतात. एंजिनांची शक्ती वाढत गेली तशी अधिक वजनाच्या गाड्यांची मागणीही वाढली आणि साहाय्यक एंजिनांची गरज कायम राहिली. १८६२ चे घसर-गतिरोधक, रक्षक फाटे, १९२९ ची पुनर्जनक एंजिने व आजची त्रिकला एंजिने यांच्या मांडणीत मोठा फरक असला, तरी उतरत्या गाडीतील ऊर्जेचे काय करावयाचे या एकाच प्रश्नाची ती क्रमाने अधिक चांगली होत गेलेली उत्तरे आहेत.